आत्याची मोरी नापास होईना

माझी आत्या मोरीत पडली, हे मला तिनं सांगितलं नाही. शेजारच्या भाभींनी सांगितलं. त्यांचा फोन आला तेव्हा मी इंदौरच्या सांवेर रोडवर, आमच्या खोक्यांच्या कारखान्यात, एका ट्रकवाल्याशी भांडत उभी होते. "दीदी, काकीजी गिर गईं, आप जल्दी आ जाओ," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. भांडण अर्धवट टाकून मी निघाले. माझ्या स्वभावाला हे किती जड जातं ते ओळखणारे ओळखतात.

पोचले तर आत्या पलंगावर ताठ बसलेली. डावं मनगट सुजून वांग्यासारखं निळं झालेलं. आणि वर मलाच विचारते, "तू कशाला आलीस? फालतू कामाचा खाडा केलास. मी काही पडलेबिडले नाही. पाय सरकला, म्हणून खाली बसले."

खाली बसले! अगं बाई, खाली बसलेल्या माणसाचं मनगट कधी मोडतं का? पण हे तिला कोण सांगणार? मी सांगितलं, मोठ्यानं सांगितलं, रिक्षात बसून हाडाच्या डॉक्टरकडे जाईपर्यंत सांगत राहिले. तिनं सगळा वेळ खिडकीबाहेर बघावं तसं रिक्षाबाहेर बघितलं.

ही माझ्या वडिलांची मोठी बहीण. तिचे यजमान इथल्या कापड मिलमध्ये होते. मिल बंद पडली, मग काही वर्षांनी तेही गेले. मूलबाळ नाही. तिनं घरातच शिवणाचा क्लास काढला आणि मोहल्ल्यातल्या दोन पिढ्यांच्या मुलींना ब्लाउजची कटिंग शिकवली. डोळ्यांनी साथ सोडली तेव्हा मशीन झाकून ठेवलं. आता सरकारची म्हातारपणाची पेन्शन आणि रेशन यावर तिचं चालतं. घर मात्र स्वतःचं आहे, हाउसिंग बोर्डाच्या वेळचं, दोन खोल्यांचं. मागे छोटंसं आंगण, आंगणाच्या एका कोपऱ्यात मोरी, दुसऱ्या कोपऱ्यात संडास.

त्या मोरीचं वर्णन करते, म्हणजे पुढचं कळेल. आत जायला घोट्याच्या बराच वर येईल एवढा उंबरा. खाली फरशी, तीही घासून घासून काचेसारखी गुळगुळीत झालेली, आणि मधली एक फुटून खाली बसलेली. ऊन कधी आत येत नाही, म्हणून पावसाळा संपला तरी शेवाळ जात नाही. धरायला काय, तर भिंतीवरून आलेला नळाचा पाइप, तोही हलतो. धडधाकट माणसानंसुद्धा देवाचं नाव घेऊन आत पाय टाकावा अशी जागा, आणि ही बाई सत्तरी कधीच ओलांडून गेलेली.

प्लास्टर होतं तोवर मी तिच्याकडे राहिले. रोज एकच भांडण. मी म्हणायची, शहराबाहेर राऊला, माझ्या घरी चल. आमचा फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, बाथरूममध्ये कमोड आहे, माझा नवरा तुला माझ्यापेक्षा जास्त मान देतो. ती म्हणायची, "राऊला मी काय करू? लिफ्टमध्ये बसून वर-खाली करत राहू?" इथे तिची भाजीवाली होती, जी तिला विचारून भाव लावायची. तिच्याकडे शिकलेल्या मुली होत्या, त्यांना आता सुना आल्या होत्या, आणि त्या सुनांना घेऊन त्या पाया पडायला यायच्या. सकाळी दार उघडून बाहेर उभी राहिली की अर्धा मोहल्ला तिला "काकीजी, राम राम" म्हणायचा. राऊला आमच्या मजल्यावर समोरच्या दारात कोण राहतं हे मला अजून पक्कं माहीत नाही. तिचं खोटं नव्हतं.

"बरं, मग मी तुझी मोरी करून देते," मी म्हटलं.

"घरच्या लेकीचं घेत नसतात. पाप लागतं."

"कुठल्या पोथीत लिहिलंय?"

"पोथीत कशाला लिहायला पाहिजे? तुझ्या आजीनं कधी घेतलं? मी नाही घेणार. बस."

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, दुसरं काय! शेवटी खूप डोकेफोड करून आमच्यात एक करार झाला. माझा पैसा न लागता मोरी दिवाळीपर्यंत नीट झाली, तर तिनं आपल्या घरात राहायचं, मी राऊचं नाव काढायचं नाही. नाही झाली, तर दिवाळी झाल्यावर घराला कुलूप आणि ती माझ्याकडे, तेही कुरकुर न करता. तिनं देव्हाऱ्याकडे बघून हो म्हटलं. तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मी मनात म्हटलं, झालं काम, आता मोरी कोण बांधून देणार आहे? आली म्हणून समज राऊला.

आणि नेमकी त्याच आठवड्यात भाभींनी बातमी आणली. सरकारची एक योजना निघाली होती. कमी उत्पन्नाच्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी बाथरूम-संडास सुरक्षित करून द्यायची. भिंतीला धरायचे स्टीलचे दांडे, पाय न घसरणाऱ्या खरखरीत टाइल्स, उंबरा काढून उतार, कमोड, बसून अंघोळ करायला पक्की बैठक. घर स्वतःचं पाहिजे आणि गरज खरी पाहिजे. गरज आहे का ते बघायला इंजिनियर घरी येणार. मला वाटलं होतं आत्या नाही म्हणेल. छे! ती लगेच तयार.

"अगं, माझं नको आणि सरकारचं चालतं का?" मी चिडून विचारलं.

"सरकार काही माझी लेक नाही," ती म्हणाली. "आणि ह्यांनी मिलमध्ये जिंदगी घातली, मी साबणापासून मीठमिरचीपर्यंत सगळ्यावर टॅक्स दिला. त्यातलं थोडं परत येऊन राहिलं असेल तर का नाही घ्यायचं?"

मला तिचं कौतुकच वाटलं, खरं सांगते. हात न पसरता हक्कानं मागावं तर असं. मी तिला घेऊन ऑफिसात गेले, अर्ज दिला. खिडकीवरच्या माणसानं उद्या या म्हटलं, मी आजच घ्या म्हटलं, आणि त्यानं आजच घेतला. माझ्या तोंडाचा कधीतरी उपयोग होतो.

इंजिनियर येणार त्या सकाळी आत्याला फोन आला, दुपारी येतो म्हणून. तिनं मला कळवलं. मी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली आणि उन्हातान्हात, ट्रॅफिकमधून शिव्या देत घेत तिच्या घरी पोचले. दारात पाय ठेवला आणि ॲसिडचा वास आला.

मागे धावले. मोरी अशी चमकत होती की तीत तोंड दिसावं. शेवाळाचा कण नाही. फुटलेल्या फरशीवर भाभींच्या घरची नवीकोरी रबराची चटई. हलणारा पाइप सुतळीनं खिळ्याला करकचून बांधलेला. बादली नवी, तांब्या चिंचेनं घासलेला. कोपऱ्यात उदबत्ती! आणि आंगणात, मोरीच्या दाराबाहेर, रांगोळी. हो, रांगोळी. भाभी कंबर धरून उभ्या होत्या, घामाघूम. "दीदी, सुबह से लगे हैं," त्या अभिमानानं म्हणाल्या.

मी डोक्याला हात लावला. "आत्या, अगं काय केलंस हे? तो मोरी किती वाईट आहे ते बघायला येतोय!"

"माहीत आहे मला. मी काय खुळी आहे? पण परका माणूस घरात येणार, साहेब येणार, आणि त्याला बुरशी आलेली मोरी दाखवायची? लोक काय म्हणतील, ही बाई अशी राहते?"

आता इंदौरच्या माणसाला काय सांगायचं! आमच्याकडे माणूस एक वेळ जेवायचा विसरेल, पण ओला कचरा सुक्यात टाकणार नाही. कुणी सरकारी माणूस गल्लीत दिसला की अर्धी गल्ली झाडू घेऊन बाहेर येते. त्यात ही आमची आत्या, जिनं उभ्या आयुष्यात कुणाला आपल्या घरात उष्टं भांडं दिसू दिलं नाही. तिला सगळं कळत होतं. पण कळतं पण वळत नाही म्हणतात ते हेच. मी उकिडवी बसून ती चटई ओढायला लागले, म्हटलं निदान फुटकी फरशी तरी दिसू दे, आणि तेवढ्यात दार वाजलं.

इंजिनियर चाळिशीचा, जरा जाडसर, दमलेला माणूस. दिवसातली त्याची कितवी मोरी होती देव जाणे. आत्या कलफ करून कडक केलेल्या सुती साडीत त्याला सामोरी गेली. गुडघे दुखत असतील तर तिचे तिलाच ठाऊक. आधी पोहे दिले, वर सेव घातली, चहा दिला. मग त्याला मागे घेऊन गेली, अशी तरातरा चालत की मीच मागे पडले.

"मांजी, गिरे थे आप?"

"अरे नहीं साहब, पांव सरक गया था, तो बैठ गई।"

"अंदर-बाहर होने में तकलीफ?"

"बिलकुल नहीं। भगवान की दया है।"

"साहेब, ही खोटं बोलतेय! झूठ बोल रही हैं ये!" मी मधेच ओरडले. "मनगट मोडलं होतं. ये चटई हटाओ, नीचे देखो." मी चटई ओढली. फरशी इतकी घासली होती की तो खड्डासुद्धा मुद्दाम पाणी जायला ठेवल्यासारखा दिसत होता. त्यानं वाकून बघितलं, एक-दोन फोटो काढले, आणि हताशपणे मला म्हणाला, "मैडम, मैं तो जो दिखेगा वही लिखूंगा. ऐसा बाथरूम तो मेरे घर में भी नहीं है।"

आत्याचा चेहरा असा फुलला! जाताना तिनं त्याला आणखी पोहे पुडीत बांधून दिले.

काही दिवसांनी माझ्या फोनवर निरोप आला. मोरीची स्थिती समाधानकारक, मदतीची आवश्यकता नाही. दैव देतं आणि कर्म नेतं, ते हे असं. मी फोन घेऊन तडक तिच्याकडे गेले आणि मोठ्यानं वाचून दाखवला. मला वाटलं होतं ती हादरेल. ती म्हणाली, "बघ, सरकारनंच लिहून दिलं ना, माझी मोरी चांगली आहे म्हणून?"

"धन्य आहेस! लाव फ्रेम करून भिंतीला! आणि राऊची तयारी कर."

राऊचं तिच्या ध्यानातच आलं नव्हतं, असं मला तेव्हा दिसलं. पास झाल्याच्या आनंदात ती करार विसरली होती. ती हळूच उठली, स्वयंपाकघरात गेली आणि उगाच डबे पुसत बसली. मी हाक मारली तर म्हणाली, "येईन मी. शब्द दिला आहे." कुरकुर नाही, भांडण नाही. पुढच्या खेपेला गेले तर तिची तुळस भाभींच्या ओट्यावर होती. शिवणाचं मशीन कुणाला द्यायचं ते ठरलं होतं. "तुझ्याकडे कुठे ठेवणार ते धूड," ती म्हणाली आणि मशीनच्या झाकणावरून हात फिरवत राहिली.

मला जिंकल्यासारखं वाटायला पाहिजे होतं. ती सुखरूप माझ्या घरी येणार होती, मला हवं तेच होत होतं. पण ज्या बाईशी मी जन्मभर भांडत आले ती भांडेनाशी झाली, तेव्हा माझा जीव कासावीस झाला. हिला राऊला नेलं तर हाडं शाबूत राहतील, पण ही राहील का, असं वाटायला लागलं. मी रात्रभर तळमळले वगैरे सांगत नाही, झोपले चांगली, पण सकाळी उठून कारखान्यात न जाता सरळ त्या ऑफिसात गेले.

इंजिनियर जागेवर होता. मी भांडायच्या तयारीनंच गेले होते, पण त्यानं मला बघितलं आणि हसायला लागला. "पोहे अच्छे थे," म्हणाला. मग म्हणाला, पुन्हा जांचेचा, म्हणजे तपासणीचा, अर्ज द्या, मी येतो, पण या वेळी आधी कळवणार नाही, आणि मांजींना सांगा, मोरी जशी आहे तशी राहू द्या. "मेरी अपनी मां भी ऐसी ही थी," एवढं तो फाइलीत बघत म्हणाला.

आता आली खरी परीक्षा. आत्याला मोरी घासायची बंदी! तिच्या हातातून मी खराटा काढून घेतला, ॲसिडची बाटली माझ्या पिशवीत घातली. ती तोंड फिरवून बसली. तुम्हाला हसू येईल, पण त्या दिवसांत तिला जेवण जात नव्हतं. भिंतीच्या कडेनं हिरवं चढायला लागलं, फरशीवर बुळबुळीत साय धरली. आणि मलाच दरदरून घाम फुटायला लागला. मदत मिळावी म्हणून जी मोरी धोक्याची राहू द्यायची, तीत ती रोज अंघोळीला जाणार होती! इंजिनियर यायच्या आधीच पुन्हा पडली तर? मी म्हटलं, भाभींना बाहेर उभं करत जा. ती म्हणाली, "मी काय लहान आहे, दाराबाहेर माणूस उभं करायला?" मी रोज दुपारच्या सुट्टीत फोन करायची. तिनं उचलला की आधी शिव्या द्यायची, मग विचारायची, अंघोळ झाली का?

मी तिला पढवायलाही लागले. "या वेळी जरा कण्ह. लंगडत चाल. भिंतीला हात लाव."

"मी नाटक करणार नाही."

"सरकारी कामात थोडं करावं लागतं गं."

"तू कर. तुला चांगलं जमतं."

ऑक्टोबर हीटचे दिवस होते आणि दिवाळी तीन-चार आठवड्यांवर आली होती, तेव्हा तो आला. रविवार नव्हता, पण नशिबानं मी तिथेच होते, तिच्या ट्रंका बांधायला आले होते. या वेळी पोहे नव्हते. त्यानं नुसतं पाणी घेतलं आणि मागे गेला. शेवाळ बघितलं, फुटकी फरशी बघितली, पाइप हलवून बघितला. मग मान खाजवत म्हणाला, ऑफिसात आधीचे फोटो आहेत, वरचे साहेब म्हणतील की मोरी घाण आहे, धुवून घ्या म्हणावं. मांजींना तकलीफ काय आहे ते मला लिहावं लागेल. आणि आत्याकडे वळून, अगदी हळू आवाजात, म्हणाला, "मांजी, बुरा मत मानना. जरा बताओगी, आप अंदर कैसे जाती हो?"

मी आत्याला डोळ्यांनी खुणावलं, लंगड, लंगड. तिनं माझ्याकडे बघितलंच नाही. "तू बाहेरच्या खोलीत जा," ती मला म्हणाली. मी हलले नाही.

तिनं पदर खोचला. उंबऱ्यापर्यंत गेली, वळली, आणि आमच्याकडे तोंड करून उंबऱ्यावर बसली. मग दोन्ही हात मागे टेकून, बसल्या बसल्या, मागे मागे सरकत आत गेली. एक पाय हातानं उचलून आत घेतला, मग दुसरा. तशीच सरकत नळापाशी गेली. बादलीला तिनं हात लावला नाही, भरली बादली तिच्यानं उचलतच नव्हती. नळाखाली तांब्या धरून दाखवला. "ऐसे नहाती हूं," ती म्हणाली. मग उठायची वेळ आली. तिनं बादली पालथी केली, गुडघ्यांवर आली, त्या पालथ्या बादलीवर दोन्ही हात टेकले, मोडून जुळलेलं मनगट थरथरत होतं, मग एक हात पाइपवर नेला आणि ओढून ओढून स्वतःला उभं केलं. आणि मग तशीच उभी राहिली, कपाळ ओल्या भिंतीला टेकवून, चक्कर जाईपर्यंत. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मी पुढे धावले तर इंजिनियरनं मला हातानं थांबवलं.

ती बाहेर आली. साडी मागून सगळी ओली आणि हिरवी झाली होती. तिनं पदर सारखा केला. "बस, ऐसा," ती म्हणाली. आणि मग, त्याच आवाजात, "चाय लेंगे?"

त्यानं खिशातून काढलेला फोन परत खिशात ठेवला होता. "फोटो नहीं लेना मुझे," तो म्हणाला. "मैं लिख देता हूं।" आणि तिथेच आंगणात, भिंतीवर कागद ठेवून, तो लिहीत उभा राहिला.

तो गेल्यावर मी रडले, आणि रडता रडता ओरडले. "कधीपासून? पडल्यापासून?"

"त्याच्या आधीपासून," ती म्हणाली. "गुडघे गेले तेव्हापासून."

"आणि मला सांगितलं नाहीस! मी इथे राहिले होते, प्लास्टरच्या वेळी, तेव्हा?"

"तेव्हा तू धरून नेत होतीस ना. बरं वाटायचं." मग म्हणाली, "झाकली मूठ होती गं. आज उघडली."

मी तिला जवळ घेतलं. ओल्या साडीसकट. आमच्या घरात हे असं कुणी कुणाला जवळ घेत नाही, त्यामुळे आम्हाला दोघींना ते धड जमलं नाही. कण्ह म्हणून मी तिला पढवत होते, लंगडायला शिकवत होते. तिला नाटक येत नाही असं मला वाटत होतं. अरे, एवढी वर्षं ती चालून दाखवत होती, तेच काय कमी नाटक होतं?

मंजुरी आली, आणि लवकर आली. ठेकेदाराची माणसं आली, त्यांनी उंबरा फोडला, तिथे उतार केला. जुनी फरशी उखडून खरखरीत टाइल्स बसवल्या. भिंतीत पक्क्या बैठकीशेजारी आणि दाराशी स्टीलचे दांडे ठोकले. संडासात कमोड आला. त्याला ती आधी नाकं मुरडायची, आता त्याबद्दल बोलत नाही, म्हणजे पसंत आहे. सरकारी काम म्हणून मी रोज जाऊन डोकवायची आणि एका टाइलीवरून मिस्त्रीशी भांडणही केलं. दोन घरं सोडून एक आजी आहेत, त्यांनीही अर्ज दिला. आत्या स्वतः त्यांच्याकडे जाऊन सांगून आली, "बाई, जांच होईपर्यंत हात लावू नका मोरीला. माझ्यासारखा शहाणपणा करू नका."

सिमेंट वाळलं, त्या दिवशी ती नव्या मोरीत पहिल्यांदा गेली. मी आंगणात खुर्ची टाकून बसले. दार बंद झालं. दिवाळीला दोन-चार दिवस राहिले होते, गल्लीत घराघरातून पडदे आणि चादरी वाळत घातल्या होत्या. आत नळ सोडल्याचा आवाज आला. बादली भरली. मग पाणी ओतल्याचा आवाज, तांब्यामागून तांब्या. मी घाबरून दोनदा उठले, दाराशी जाऊन कान लावला. पाणी पडतच होतं. इतका वेळ! शेवटी मी हाक मारली, "आत्या, ठीक आहेस ना?"

"हौ. गप बस."

ती बाहेर आली ती चालत, दाराशी असलेला दांडा धरून, सरळ पायांवर. केस मोकळे, पाठीवर, त्यांतून पाणी निथळत होतं. मी टॉवेल घेऊन तिचे केस पुसायला लागले. पांढरे, विरळ, पोरीसारखे मऊ. तिच्या डोक्याला हात लावला तेव्हा माझ्या लक्षात आलं, कित्येक महिन्यांत मी तिला ओल्या केसांनी बघितलंच नव्हतं. विचारलं, इतके दिवस डोकं कसं धूत होतीस?

"धूत नव्हते," ती म्हणाली. "ओल्या फडक्यानं पुसायची. डोक्यावरून पाणी घेतलं की डोळे मिटावे लागतात ना. डोळे मिटले की तोल जायचा, भीती वाटायची." तिनं डोकं मागे करून माझ्या हातात दिलं. "आज एका हातानं दांडा धरला आणि घेतलं. मस्त डोळे मिटून."

मी पुसत राहिले.

केस कोरडे झाले. तिनं माझ्या हातातून टॉवेल घेतला, तारेवर नीट टाकला, आणि माझी पर्स आणून माझ्या हातात दिली. "जा आता घरी," ती म्हणाली. "राऊ काय जवळ आहे? उशीर होईल तुला."

मी गेले.